आठ वाघिणींची मान

घणसोली, ३ सप्टेंबर १९८२

अण्णा,

पोस्टकार्ड मुद्दाम पाठवतेय. पाकीट न फोडता परत करता येतं हे तुम्ही मला दोनदा दाखवलंत. कार्ड परत करायचं तरी आधी हातात घ्यावं लागतं, आणि हातात घेतलेला कागद तुम्ही वाचल्याशिवाय सोडत नाही.

नऊ वर्षांबद्दल यात काही नाही. फक्त यार्डाचा एक प्रश्न आहे. मालधक्क्याचे तीन रूळ, तिन्ही पुढून बंद. प्रत्येकावर मालाच्या आठ वाघिणी मावतात. शेजारी येणाऱ्या गाडीचा रूळ, चोवीस वाघिणींचा. डबे मागेपुढे करायचा आखूड रूळ, ती शंटिंगची मान, आठ वाघिणींची. भरलेल्या चोवीस आल्या, तेव्हा धक्क्यावर रिकाम्या चोवीस उभ्या आहेत. इंजिन एकच. मेन लाइनवर जायचं नाही. अदलाबदल कशी करायची?

मला सुटत नाही. तुम्हाला सुटेल.

चारू


घणसोली, १९ सप्टेंबर १९८२

अण्णा,

तुमचं कार्ड आलं! पोस्टमन शिवराम सायकलवरूनच ओरडला, "वहिनी, भुसावळचा शिक्का!" मी हातातली कणीक तशीच घेऊन अंगणात धावले. वर नाव नाही, आशीर्वाद नाही, खाली सही नाही. चार ओळी, कंट्रोलच्या फोनवर बोलल्यासारख्या. "गाडी कल्याणहून लावून येते की मिसळ? रिकाम्या नेणारं इंजिन वेगळं की तेच? मानेच्या टोकाला काय आहे? नकाशा आहे की बाता?"

अक्षर केवढं मोठं काढलंय! रागाने काढलं असणार. असू दे. राग तर राग.

उत्तरं देते. गाडी कल्याणहून लावून येणार, म्हणजे पहिल्या आठ पत्र्याच्या, मग आठ सळयांच्या, मग आठ पाइपांच्या. रिकाम्या नेणारं इंजिन नकाशाप्रमाणे वेगळं: रोज सकाळी सहाला येऊन रिकाम्या घेऊन जाणार, आणि भरलेली गाडी दहाला येणार. मानेच्या टोकाला खाडीचा नाला आहे, त्यामुळे मान लांब करता येत नाही. आणि बाता नाहीत. नकाशा आहे. मुंबईचा लोखंडाचा बाजार इकडे कळंबोलीला हलवायचं चाललंय, तर त्या बाजूला एका खाजगी मालधक्क्याचं काम आमच्या ऑफिसकडे आलंय. मी वाशीला एका कन्सल्टंटकडे ट्रेसर आहे. साहेब पेन्सिलीने काढतात, मी शाईने गिरवते.

आता खरी गंमत. मी ते यार्ड घरात बांधलंय!

पडवीत दोन जुनी दारं जोडून टाकली. रूळ म्हणजे छत्रीच्या काड्या. एक इंच म्हणजे बारा फूट, या हिशोबाने वाघीण बरोबर दोन इंचांची. उदबत्तीच्या पुड्यांच्या पुठ्ठ्याच्या अठ्ठेचाळीस वाघिणी केल्या, चाकं सदऱ्याच्या बटणांची. जोडणीला काय लावलं असेल? ब्लाउजचे हूक! एका टोकाला हूक, दुसऱ्या टोकाला कडी. कट्‌ करून लागतात, अण्णा. अगदी कट्‌. इंजिन साबणाच्या डबीचं आहे, जड व्हावं म्हणून आत वाळू भरलीय.

आणि नियम तुमचाच. मी सात वर्षांची असताना भुसावळ यार्डाच्या केबिनमध्ये तुम्ही सांगितलेला. आई गेल्यावर शाळा सुटली की मला तिथेच बसवायचात आणि काड्यापेट्यांची गाडी करून द्यायचात. मी मधली पेटी उचलायला लागले की म्हणायचात, "वाघीण हाताने उचलायची नाही. तिच्या पुढच्या काढ, मग तिला काढ."

तर मी नियम पाळून खेळले. सहाचं इंजिन आलं तर सगळं छान. पण आमचे हे, धर्मराज, म्हणतात, सहाचं इंजिन येणारच नाही. ते तळोज्याच्या एका कारखान्यात सायडिंगवर, कारखान्याच्या स्वतःच्या रुळांवर, सुपरवायझर आहेत, रोज हेच बघतात. त्यांचं म्हणणं, "इंजिन मोकळं कोण पाठवतं? भरलेल्या घेऊन येतं तेच रिकाम्या घेऊन जातं. ऑफिसात बसून सहाचं इंजिन काढायला काय जातंय?"

म्हणजे दहा वाजता भरलेली गाडी येते आणि धक्का रिकाम्यांनी भरलेला. इंजिन आठ रिकाम्या ओढून मानेत शिरतं. मागे नाला, पुढे त्याच आठ वाघिणी. भरलेल्यांना हात कसा लावणार? आल्या वाटेने परत ढकलाव्या लागतात. मग मेन लाइन. मेन लाइनवर शंटिंग सुरू, आणि दिवा-पनवेल पॅसेंजर सिग्नलला उभी. घड्याळ लावून मोजलं: दीड तास.

सुमेधाने मोजलं. सुमेधा कोण ते तुम्हाला आत्याकडून कळलं असेल. नसेल कळलं तर पुढे लिहीन. ती सहा वर्षांची आहे.

चारू


घणसोली, ८ ऑक्टोबर १९८२

अण्णा, अण्णा, अण्णा!

सुटलं! आणि दोनदा सुटलं!

क्रमाने लिहिते, नाहीतर तुम्ही म्हणाल, रिपोर्ट उलटा आहे. रविवारी दुपारी मी नेहमीप्रमाणे अडकून बसले होते. सासूबाई पडवीत सुकट निवडत होत्या. महिनाभर त्यांनी या दारांकडे पाहिलंही नव्हतं. पहिल्या दिवशी मी "वाघिणी" म्हटल्यावर फक्त विचारलं होतं, "खातान काय त्या?" आणि सगळी आळी हसवली होती. त्या रविवारी मात्र उठल्या, पदराला हात पुसले आणि माझ्या डोक्यावरून वाकून बघत राहिल्या.

"अगो चारू, ह्या तिकरं बंद कशाला केलंस?"

म्हटलं, "मी नाही केलं, साहेबांनी केलंय. रूळ तिथे संपतात."

"मिठागराला एकच उघारी ठेवली तं पानी सरंल काय? एकीशी आत, दुसरीशी भायेर. भरतीचा पानी आत आला का जुना पानी आपसूक जातंय. तुज्या सायबाला येवरा पन कलत नाय?" उघारी म्हणजे मिठागराच्या बांधातलं पाण्याचं दार.

आणि एका बोटाने त्यांनी आठ भरलेल्या पहिल्या रुळावर ढकलल्या. रिकाम्या पलीकडून सरकत दाराच्या कडेवरून खाली पडल्या, टपाटप, आठही. मी त्या पडलेल्या वाघिणींकडे बघतच बसले. मग किंचाळले. शेजारची पुतळा पोळपाट घेऊन धावत आली, तिला वाटलं साप निघाला.

तिसरं दार कुठून आणलं ते विचारू नका. तिन्ही रूळ पलीकडून उघडले, एकत्र आणले आणि मेन लाइनला समांतर बाहेर जाणारा एक लांब रूळ काढला. मग गाडी आणली. भरलेल्या आठ मानेत ओढल्या, एकवर ढकलल्या. रिकाम्या पलीकडे बाहेर. पुढच्या आठ, दोनवर. पुढच्या आठ, तीनवर. येणारा रूळ आता मोकळा! त्यावरून इंजिन सरळ पलीकडे जातं, चोवीस रिकाम्या जोडतं आणि चाललं. मेन लाइनवर गाडीने पाऊल ठेवलं ते फक्त येताना आणि जाताना. बेचाळीस मिनिटं!

हे रविवारी. आणि मंगळवारी तुमचं कार्ड. "आंधळे रूळ उघड. यार्डाला दोन तोंडं असावीत. भरलेल्यांनीच रिकाम्यांना बाहेर काढावं. बाहेरच्या रुळाला जागा रेल्वेच्या हद्दीतली मिळेल. उतार चारशेला एकपेक्षा जास्त नको, नाहीतर रिकाम्या पळतील."

मी ते कार्ड सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "तुजा बापूस मिठागरावर व्हता काय?"

उताराचं मात्र आमच्या दोघींच्याही डोक्यात आलं नव्हतं. दाराखाली पाटाचा एक तुकडा घालून पाहिला. खरंच पळाल्या.

चारू


घणसोली, ३० ऑक्टोबर १९८२

अण्णा,

"तुझ्या आधी ज्यांना सुचलं त्या बाई कोण? शिक्षण?" एवढंच तुमच्या कार्डावर. अक्षर आणखी मोठं झालंय, एका कार्डावर आठ शब्द मावतायत.

त्या बाई म्हणजे गोजराबाई पाटील. शिक्षण नाही. सही म्हणून अंगठा. लग्नाआधी आणि नंतर मिळून तीस वर्षं मिठागरावर काम, डोक्यावर मिठाची टोपली. आता ते मिठागर नाही, तिथे रस्ता झालाय. त्या माझ्या सासूबाई. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा आळीत कोणी म्हणालं, बामणाची पोर चार दिवस टिकायची नाही. त्यावर त्या म्हणाल्या होत्या, "टिकली नाय तं मी जाईन तिच्यासोबत." हे मी तुम्हाला कधी सांगू शकले नाही. आता तुम्ही विचारलंत म्हणून.

आज एक गोष्ट कबूल करायची आहे. मी पहिल्या पत्रात लिहिलं, मला सुटत नाही. ते खरं होतं, पण पूर्ण नव्हतं. तो नकाशा ऑगस्टमध्ये शाईने मीच गिरवलाय. गिरवताना बंद रुळांवर आले आणि हात थांबला. तुमची मुलगी आहे, थांबणारच. कोटणीससाहेबांना म्हटलं, "सर, रिकाम्या बाहेर कुठून जातील?" ते म्हणाले, "बाई, तुम्ही ट्रेसिंग करा." आणि मी केलं. खाली कोपऱ्यात माझी आद्याक्षरंही घातली. दोन दिवसांनी घरी दारं जोडली. यार्ड बांधलं ते हौसेने नाही, अण्णा. लाजेने बांधलं. हौस नंतर आली.

आता नवा नकाशा घेऊन परवा पुन्हा साहेबांकडे गेले. त्यांनी पाहिलाही नाही. म्हणाले, वीस नोव्हेंबरला रेल्वेचे लोक येतायत, नकाशा मंजूर होणार, आता काही बदलायचं नाही. "आणि पाटीलबाई, सासूबाईंनी डिझाइन केलंय असं तुम्ही कॅन्टीनमध्ये सांगत फिरताय म्हणे?" सगळे हसले.

नोकरी जाईल अशी भीती वाटते. धर्मराज म्हणतात, "टेन्शन घेऊ नको, गेली तर गेली." पण मला ते सहाचं इंजिन रात्रंदिवस दिसतंय, कधीच न येणारं. एकदा रूळ पडले की पुढची पन्नास वर्षं तिथली पॅसेंजर उभी राहणार. दर वेळी कोणीतरी म्हणणार, कोणत्या गाढवाने काढलं हे?

काय करू? पटकन लिहा.

चारू


घणसोली, २१ नोव्हेंबर १९८२

अण्णा,

तुमचा सल्ला शब्दशः पाळला. "नकाशा दाखवू नको. बोलू नको. मॉडेल ने. त्यांना खेळू दे."

तिन्ही दारं टेम्पोत घालून नेली. धर्मराजांनी रजा टाकली आणि पाठीमागे दारांवर हात ठेवून उभे राहिले, एक वाघीण हलू दिली नाही. वॉचमन आत सोडेना. धर्मराज त्याला म्हणाले, "फर्निचर आहे, साहेबांच्या मीटिंगचं." खोटंही नव्हतं ते.

मी मीटिंगच्या खोलीत मांडामांड करतेय तोवर कोटणीससाहेब आले. त्यांचा चेहरा! "हा काय भातुकलीचा खेळ?" मी काहीच बोलले नाही, तुम्ही सांगितलं होतंत तसं. तेवढ्यात रेल्वेचे दोघे आत आले. एक ऑपरेटिंगचे मोठे अधिकारी, केस पांढरे. ते दारातच थांबले. नकाशाकडे त्यांनी बघितलंही नाही, सरळ माझ्या दारांकडे आले.

"ये क्या है?"

मी म्हटलं, "सर, नकाशातलं यार्ड. तिकडची तोंडं आज बंद ठेवलीत, नकाशाप्रमाणे. दहाची गाडी आलीय. रिकाम्या अजून उभ्या आहेत. तुम्ही बदलून दाखवा."

त्यांनी कोट काढला, अण्णा! कोट काढून खुर्चीवर टाकला. आठ मानेत ओढल्या, थांबले. परत ढकलल्या. दुसऱ्या रुळावरून प्रयत्न केला, थांबले. दुसरे अधिकारी वाकून सूचना द्यायला लागले. पंचवीस मिनिटं! चहा गार झाला. शेवटी त्यांचा हात एका वाघिणीकडे गेला, उचलायला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, हाताने उचलायची नाही!"

त्यांचा हात थांबला. मग ते मोठ्याने हसले. म्हणाले, असं मला एकाच माणसाने सांगितलं होतं, ट्रेनिंगला असताना, भुसावळला.

मी नाव विचारलं नाही. मी विचारायला हवं होतं का?

मग मी पलीकडची तोंडं उघडली. बेचाळीस मिनिटांचं काम त्यांनी छत्तीसमध्ये केलं, मनगटावरच्या घड्याळात बघून. उठून विचारलं, "किसका आयडिया है?" कोटणीससाहेब पटकन म्हणाले, "आमच्या ऑफिसचा स्टडी आहे, सर." मी म्हटलं, "हो सर. मिठागरावर काम केलेल्या एक बाई आणि एक रिटायर्ड यार्डमास्तर, अशा दोघांनी सांगितलं. मी बांधलं." त्यांनी ते लिहून घेतलं. मीटिंगच्या टिपणात आलंय: "सौ. पाटील यांनी प्रात्यक्षिक दाखवले. यार्डाची दोन्ही टोके खुली ठेवावीत. नकाशा सुधारून सादर करावा."

नोकरी शाबूत आहे. कोटणीससाहेब माझ्याशी बोलत नाहीत, पण काल संध्याकाळी सुधारायचा नकाशा माझ्याच टेबलावर आणून ठेवला. आज घरी मटण. सासूबाई आळीत सांगत फिरतायत, "माजी उघारी रेल्वेन् घेतली!"

तुम्ही नऊ वर्षं माझ्याशी बोलला नाहीत, आणि काल त्या खोलीत सगळं तुमच्याच आवाजात बोलले मी.

चारू


घणसोली, १६ जानेवारी १९८३

अण्णा,

तुम्ही येऊन गेलात. त्यावर तुम्हालाच पत्र लिहायचं म्हणजे वेडेपणा. पण त्या दिवशी जे घडलं त्यातलं अर्धं तुम्हाला ठाऊक नाही.

मी ऑफिसातून साडेसहाला आले असं तुम्हाला वाटतं. मी सहालाच आले होते. अंगणात पायरीजवळ तुमच्या चपला होत्या. टाचेला झिजलेल्या, डावी जास्त. नऊ वर्षांत चपलांची जोडी बदलली असेल, चाल बदलली नव्हती. मी आत आले नाही. कुडाच्या भिंतीला टेकून बाहेर उभी राहिले आणि अर्धा तास ऐकलं. माफ करा.

सासूबाई तुम्हाला म्हणत होत्या, "नाय नाय, मास्तर, ही आदी नाय. आदी ती कारा." तुम्ही म्हणालात, "बाई, मी चौतीस वर्षं यार्ड चालवलंय." "चालवला आसंल. हितं माजा यार्ड हाय." आणि तुम्ही हसलात! तो आवाज मी आई गेल्यापासून ऐकला नव्हता. सुमेधा घड्याळ बघून ओरडली, "आजोबा, लेट!" तुम्ही तिला विचारलंत, "किती मिनिटं?" ती म्हणाली, "तीन." तुम्ही म्हणालात, "लिहून ठेव. कारण लिही: यार्डमास्तर म्हातारा झाला."

मग मी फटीतून पाहिलं. तुम्ही वाघिणी बघत नव्हता. बोटांनी चाचपत होतात. हूक कुठल्या टोकाला, कडी कुठल्या टोकाला, सगळं बोटांनी. सासूबाईंनी न बोलता एक वाघीण तुमच्या हाताजवळ सरकवली आणि तुम्हाला कळू दिलं नाही. त्यांना पहिल्या पाच मिनिटांतच कळलं होतं. मला कार्डावरचं एवढालं अक्षर चार महिने दिसत होतं, आणि मी त्याला राग समजत होते.

मी आत आले तेव्हा तुम्ही फक्त म्हणालात, "सांधे जरा घट्ट आहेत. तेल घाल." आणि निघालात. "धर्मराज आठपर्यंत येतील, जेवून जा," म्हटलं, तर म्हणालात, गाडी आहे. तुमची गाडी अकराची होती, अण्णा. टाइमटेबल मलाही पाठ आहे. त्यांना टाळून गेलात.

आत्याला मी लगेच लिहिलं. तिने कळवलं की दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, दीड वर्ष झालं, आणि तुम्ही कोणाला सांगू देत नाही. ठाण्यातल्या डॉक्टरांशी बोलले आहे. चार फेब्रुवारीला उजवा डोळा. तुम्हाला एकट्याने प्रवास करू द्यायचा नाही. मला रजा नाही, सुधारित नकाशा अडलाय. धर्मराज मंगळवारी, एक तारखेला सकाळी भुसावळला उतरतील. त्यांनीच ठरवलं, मी सांगितलं नाही.

ते दार वाजवतील. उघडायचं की नाही ते तुम्ही ठरवा. माझं लिहून संपलं.

चारू


घणसोली, २७ मार्च १९८३

प्रिय दुर्गाआत्या,

तुझं पत्र कालच मिळालं. जळगावात बसून तू काळजी करतेस आणि इथे तुझे भाऊ मजेत आहेत! सविस्तर लिहिते.

आधी दाराचं. धर्मराज पोहोचले तेव्हा अण्णा ओट्यावरच बसले होते. दार उघडंच होतं. "कोण?" म्हणून विचारलं. हे म्हणाले, "घणसोलीहून आलोय. धर्मराज." मग अण्णांनी विचारलं, "गाडी किती लेट?" "पन्नास मिनिटं." "कुठे धरली?" "मनमाडच्या बाहेर. पुढे मालगाडी होती." "डिझेल की कोळसा?" आणि बसा म्हणायच्या आधी पाऊण तास मालगाड्यांवरच बोलणं झालं. नंतर अण्णांनी स्वतः चहा केला. साखर समजून मीठ घातलं. हे पूर्ण कप प्यायले आणि चांगला झालाय म्हणाले. ते अण्णांना नंतर कळलं, स्वतःचा कप तोंडाला लावल्यावर.

ऑपरेशन छान झालं. परवा चष्मा आला, भिंगं पाण्याच्या ग्लासच्या बुडासारखी. तो लावून त्यांनी आधी मला पाहिलं. म्हणाले, "केस पांढरे झाले गं तुझे." मग सुमेधाला जवळ घेऊन बराच वेळ बघत राहिले. सासूबाईंना म्हणाले, "तुम्ही माझ्या अंदाजापेक्षा बुटक्या आहात." त्यांनी उत्तर दिलं, "आनि तुमी वाटलात त्यापरीस म्हातारं."

आता कालचं सांगते, त्यासाठीच हे पत्र लिहायला घेतलं. डॉक्टरांनी धुळीत जायचं नाही म्हणून बजावलंय. पण काल धर्मराजांची पहिली पाळी होती आणि अण्णा पहाटेच धोतर नेसून, पिशवी घेऊन तयार. "तुमचं सायडिंग बघायचंय." मी नको म्हटलं. माझं ऐकणार आहे का कोणी? दोघे तळोज्याला गेले.

तिथे इंजिनाने सहा वाघिणी आणल्या होत्या आणि मुकादम गंगाराम मागून तिसरी आधी काढायला बघत होता. अण्णा बाजूला स्टुलावर बसायचे, असं ठरलं होतं. दोन मिनिटं बसले. मग उठून थेट रुळांशी, आणि मोठ्या आवाजात, "थांब! मागच्या दोन सोड आधी!" गंगाराम चकित. इंजिनाचा ड्रायव्हरही बाहेर डोकावला. धर्मराज म्हणतात, त्या आवाजात असं काही होतं की सगळ्यांनी मुकाट ऐकलं. तासाचं काम पस्तीस मिनिटांत उरकलं.

आरडाओरडा ऐकून कारखान्याचे मॅनेजर बाहेर आले. सायडिंगवर धोतर नेसलेला, जाड चष्म्याचा म्हातारा बघून त्यांचा पारा चढला. "हे कोण? यांना आत कोणी सोडलं?"

धर्मराज पुढे झाले. काय म्हणणार? ओळखीचे म्हणावं, पाहुणे म्हणावं? नऊ वर्षांत अण्णांनी त्यांना कुठल्याच नावाने हाक मारली नव्हती. इतक्या दिवसांत इथे राहूनही "अहो" एवढंच. चारचौघांत त्यांना आवडेल ते काय आणि नाही ते काय, हे यांना कसं कळावं?

अण्णांनी हाताचं ग्रीस धोतराला पुसलं आणि यांच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "मी धर्मराजचा सासरा. भुसावळचा."

घरी आल्यावर धर्मराज मला हे सांगायला बसले आणि मधेच उठून मोरीत गेले, तोंड धुवायला. दोन तांबे पाणी ओतलं. अण्णा बाहेरून ओरडत होते, जेवायला वाढा म्हणून.

तुझी,
चारू